डाव्या हाताचा खुलासा

धनेश वाघचौरेला मिळालेल्या आरोपपत्रात त्याच्या डाव्या हाताचा उल्लेख तीन वेळा होता आणि त्याचा स्वतःचा दोनदाच. "आपण आपल्या डाव्या हाताने हेतुपुरस्सर हळू काम करून उत्पादनास बाधा आणली," हे पहिलंच कलम. उजव्या हाताबद्दल कंपनीची तक्रार नव्हती. तो वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

चाकणच्या पट्ट्यात गाडीच्या दरवाजांच्या बिजागऱ्या करणारी ती कंपनी. धनेश तिथं अकरा वर्षं प्रेसवर होता, त्यातली शेवटची चार परमनंट. बाकीची सात कंत्राटदाराची. परमनंट होण्यासाठी माणसं नवस बोलतात आणि झाल्यावर फेडायलाही जात नाहीत, सुट्टी टाकली तर नजरेत येऊ म्हणून. धनेशचाही एक नवस अंबाजोगाईला थकला होता. गेले चार महिने त्याला कधीकधी वाटायचं, की देवीने डाव्या हातापासून वसुली सुरू केली असावी.

प्रेसचं काम तसं साधं. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि डावीउजवीकडची दोन हिरवी बटणं दोन्ही तळव्यांनी एकदम दाबायची. अर्ध्या सेकंदाच्या आत दोन्ही दाबली गेली तरच ऐंशी टनांचा ठोका खाली येतो. एक आधी आणि एक मागाहून असं चालत नाही. दोन्ही हात बटणावर असले म्हणजे एकही ठोक्याखाली नाही, असा त्यामागचा हिशेब. मशीनचा माणसावर विश्वास नसतो, म्हणून माणसाची बोटं शाबूत राहतात.

फेब्रुवारीपासून धनेशचा डावा हात उशिरा यायला लागला. उजवा बटणावर जाऊन बसलेला, आणि डावा तळेगाव चौकात अडकलेल्या टेम्पोसारखा वाटेतच. ठोका यायचा नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं यायची. मग दोन्ही हात उचलून पुन्हा पहिल्यापासून. दर शंभर ठोक्यांमागे असे आधी चार, मग अकरा, मग तीस चुकायला लागले.

"ए बाबा," सुपरवायझर बबनराव काचेच्या केबिनमधून उठून आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ते सहसा उठत नसत. "द्येवानं दोन हात दिल्यात न्हवं? का एक अजून आंबेजोगाईलाच हाय?"

"साहेब, हात उशिरा यायलाय."

"मग आदल्या दिशी निघ म्हनावं त्याला."

बबनराव मूळचे कुरुळीचेच. कंपनी ज्या जमिनीवर उभी होती तिच्यातली सव्वा एकर त्यांच्या वडिलांची. प्रेस नंबर चार त्यांच्या विहिरीवर होता, टूलरूम बांधावर, आणि कँटीन म्हशीच्या गोठ्यात. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली, पण मनातून जमीन गेली नव्हती. बाहेरगावचा कुठलाही कामगार त्यांना वावरात शिरलेल्या ढोरासारखा दिसायचा. धनेश तर मराठवाड्यातला, म्हणजे लांबून चालत आलेलं ढोर.

"फळी टाक," ते आवाज खाली आणून म्हणाले.

फळी म्हणजे हातभर लांबीची एक लाकडी पट्टी. प्रत्येक शिफ्टमध्ये कुठंतरी लपवलेली असायची. पोरं तिला 'मेव्हणा' म्हणायची, कारण ती अडीनडीला उपयोगी पडायची आणि पाहुण्यांसमोर काढायची नसायची. दोन्ही बटणांवर ती आडवी टाकून मधे एका हाताने दाबली, की दोन्ही बटणं एकदम दबतात. मशीन फसतं आणि एक हात मोकळा राहतो.

अडचण नेमकी तीच होती. उजव्याने फळी दाबली की डावा मोकळा, आणि मोकळा डावा या क्षणी कुठं आहे हे धनेशला बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. खिशात आहे असं वाटावं आणि तो टेबलावर निघावा. ऐंशी टनांसमोर अशा हाताला मोकळा सोडायला त्याचं मन होईना.

"फळी नको साहेब."

"मग नग टाकूस," बबनराव म्हणाले. "आमी कागूद टाकतो."

आठ दिवसांत आरोपपत्र आलं.

*

निगडीला न्यूरॉलॉजिस्ट डॉ. यास्मिन यांच्याकडे धनेश बायकोबरोबर गेला. रुपाली चार महिन्यांपासून त्या हातावर खार खाऊन होती. त्या हाताने दोन बरण्या, एक थर्मास आणि तिच्या माहेरची कपबशी फोडली होती, आणि एकाही वेळेला सॉरी म्हटलं नव्हतं.

"रिक्षात नीट आत घ्या तो," ती म्हणाली. "बाहेर लोंबत राहिला तर वेगळी सीट लावतील त्याला."

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि डाव्या हाताचं एक बोट हलवलं.

"वर की खाली?"

"वर."

"आता?"

"आता पण वर."

रुपाली बघत होती. दोन्ही वेळेला खाली होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. गेल्या चार महिन्यांत तिने ऐन वेळी तोंड मिटल्याचा हा पहिला प्रसंग.

मग तळव्यावर काहीतरी ठेवलं. "हातात काय आहे?"

"अजून ठेवलंच कुठं तुम्ही?"

डोळे उघडल्यावर तळव्यावर किल्ली होती. गरम पाण्याची नळी लावली, गार पाण्याची लावली. त्याने दोन्हींना "बरंय" असं सांगितलं. मग अंगठा आणि तर्जनी चिमणीच्या चोचीसारखी भराभर उघडमीट करायची होती. उजव्या चिमणीने दाणे टिपले. डावीने दोनदा चोच उघडली आणि तिसऱ्यांदा विचारात पडली.

डॉक्टरांनी कागदावर लिहायला घेतलं. "हायपोएस्थेशिया. म्हणजे संवेदना कमी होणं, बधिरपणा. हाताची जागा मेंदूला कळवणारी जाणीवही मंद आहे. आणि ब्रॅडीकायनेशिया, म्हणजे हालचालीचा वेग कमी होणं. तुम्ही ठरवता तेव्हा हात निघतच नाही, आणि निघाला तरी रेंगाळतो."

"म्हणजे मला काय झालंय?"

"ही लक्षणांची नावं आहेत. आजाराचं नाव एमआरआय बघून सांगता येईल. कदाचित तेव्हाही लगेच नाही."

"म्हणजे आडनावं कळली, नाव नाही."

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, आणि धनेशला ते बरं वाटलं नाही. "मशीनवर काम करता? मग तूर्त करू नका. कुठल्याच मशीनवर."

"कायमचं?"

"तूर्त," त्या पुन्हा म्हणाल्या.

जिन्यात रुपालीने त्याचा डावा हात धरला. त्याला ते तिसऱ्या पायरीवर दिसलं.

*

एचआरची तनुजा निगडीच्या प्राधिकरणात वाढलेली, आवाज कधी न चढवणारी मुलगी होती. तिने डॉक्टरांचं पत्र वाचलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि आनंदी झाली.

"ब्रॅडीकायनेशिया म्हणजे हालचालीतला संथपणा. बरोबर?"

"हो मॅडम."

"आणि आपल्यावर आरोप काय आहे? संथ काम. म्हणजे आरोप आपल्याला मान्य आहे. हे मी खुलासा म्हणून फाइलला लावते."

"मॅडम, मी आजार सांगायलो!"

"आजार असेल तर आपण प्रेसला अनफिट. मग मेडिकल ग्राउंडवर सेपरेशन. आजार नसेल तर आपण मुद्दाम हळू केलं. मग शिस्तभंग." तिने ड्रॉवरमधून दोन फॉर्म काढून शेजारीशेजारी ठेवले, आजाराचा पिवळा, शिस्तभंगाचा गुलाबी. "दोन्हींत शेवटचा दिवस एकच येतो. आपण रंग सांगा."

"आणि मला कामावर राहायचं असेल तर?"

तनुजाने ड्रॉवरमध्ये पुन्हा पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे. "तो रंग नाहीये," ती म्हणाली.

धनेशने दोन्ही फॉर्म उजव्या हाताने तिच्याकडे सरकवले. "चौकशी लावा."

"आरोपपत्र आपलं आहे, चौकशीही आपलीच. लागणारच."

चौकशीत कामगाराच्या बाजूने बोलायला एक सहकारी घेता येतो. धनेशने शेजारच्या प्रेसवरचा कामरान घेतला. कामरानला वाचायचा नाद होता. कंपनीत भिंतीवर चिकटवलेला प्रत्येक कागद वाचणारा तो एकटाच. चिकटवणाऱ्यांनीही ते वाचलेले नसायचे. 'येथे थुंकू नये'च्या खालच्या तीन उपकलमांबद्दलही त्याची मतं होती.

"भावा, टेन्शन नको," कामरान म्हणाला. "तू आजारी आहेस हे आपण सिद्ध करू."

"मग अनफिट म्हणून काढतील."

"ते नंतरचं. आधी गुलाबी फाडू, मग पिवळ्याकडे बघू. दोन्ही एकदम फाडायला तुझे दोन्ही हात एकदम चालायला लागतील."

"जा मर तिकडं," धनेश म्हणाला.

*

चौकशी कॉन्फरन्स रूममध्ये भरली. पुण्याहून एक वकील चौकशी अधिकारी म्हणून आले होते. ते डोळे मिटून ऐकायचे, म्हणून त्यांच्याबरोबर एक टंकलेखक असायचा. जे कानावर पडेल ते सगळं टंकायचं, अशी त्याला सक्त ताकीद होती, कारण मागे एकदा त्याने फक्त महत्त्वाचं टंकलं होतं आणि ते कोर्टात टिकलं नव्हतं.

कंपनीचे साक्षीदार बबनराव. नवा शर्ट घालून आले होते. इस्त्रीच्या घड्यांसकट.

"कामगार मुद्दाम हळू काम करतो असं तुम्हाला का वाटतं?" वकिलांनी डोळे मिटून विचारलं.

"वाटत न्हाई साहेब, दिसतंय. हात धडधाकट हाय त्येचा. ह्या डोळ्यांनी बघितलाय."

"कुठे बघितलात?" कामरानने विचारलं.

"कुरुळी फाट्याव, च्याच्या टपरीला. मे महिन्यात. डाव्या हातात गिलास धरून हुबा व्हता गडी. धा मिंटं. हात हलला न्हाई का डुलला न्हाई. बटान दाबायचं म्हनलं की मरतंय, न् च्या प्यायचा म्हनलं की जित्तं व्हतंय व्हय?"

तनुजाने मान डोलावली आणि वहीत काहीतरी अधोरेखित केलं. धनेश भिंतीकडे बघत होता. त्याला ती संध्याकाळ आठवत होती आणि ती इथं निघावी असं त्याला अजिबात वाटत नव्हतं.

"चहा गरम होता का?" कामरान म्हणाला.

"आता च्या काय गार आसतो का? उकाळता व्हता! काचंचा गिलास. म्या माझा घेतला न् लगीच फळकुटाव ठिवला. बोटं पोळली माझी."

"आणि याने?"

"ह्यो कशाला ठिवतोय! मी गार हुस्तवर थांबलो, प्यालो, तंबाकू मळली, तरी ह्येचा गिलास हातातच. गप्पा हानतोय. येवडी ताकद हाय हातात, न् कंपनीत आला की..."

"एक मिनिट, साहेब. गिलास पूर्ण बोटांत धरला होता? कान नव्हता त्याला?"

"टपरीच्या गिलासाला कुटनं आला कान? धरलावता गच्च. आन् दुसऱ्या दिशी आला तीन बोटान्ला पट्ट्या गुंडाळून. फोड आल्यात म्हनं! नवं नाटक. म्या हजेरी लावली, पर वळखून व्हतो."

तनुजाचं पेन अधोरेखित करता करता थांबलं होतं. वकिलांनी डोळे उघडले. टंकलेखकाच्या चेहऱ्यावरून हे क्वचित होत असावं.

"तीन बोटांना फोड," वकील म्हणाले.

"व्हय. येवडे येवडे. खोटे न्हवते ते, म्या बघितले," बबनराव म्हणाले. आपली साक्ष भक्कम होत चालली आहे या समाधानाने त्यांनी पाणी मागितलं.

वकील धनेशकडे वळले. "तुम्हाला चहा गरम लागला नाही?"

"लागला ना साहेब," धनेश म्हणाला. "जिभेला."

कामरानने डॉक्टरांचं पत्र वकिलांसमोर ठेवलं आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. वकिलांनी तो शब्द दोनदा मोठ्याने वाचला, दोन्ही वेळा वेगळा. टंकलेखकाने दोन्ही टंकले.

वारं कुठल्या दिशेने फिरलं हे आत्ता कुठं बबनरावांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा नव्या शर्टाच्या वर लाल झाला. "ह्ये बघा, रोग न्हाई न् बिग न्हाई, माज हाय समदा! म्या काय वंगाळ सांगितलं व्हतं? फळी टाक म्हनलं, एका हातानं दाब म्हनलं. समदी पोरं टाकत्यात, ह्यालाच काय धाड भरली? बाकीच्यांचं टारगेट काय उगंच निघतंय?"

"हे रेकॉर्डवर नको," तनुजा म्हणाली. तिचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला असावा, कारण चढल्यावर कसा वापरायचा ते तिला कळेना.

"टंकलं," टंकलेखक म्हणाला.

"वाचा बरं परत," कामरान म्हणाला.

टंकलेखकाने वाचलं. सपाट आवाजात, 'काय धाड भरली' सकट. मशीनची सुरक्षा फसवून सगळी शिफ्ट एका हाताने चालते, असं सुपरवायझरने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि खाली सहीही त्याचीच येणार होती. पुढच्या बुधवारी ज्यांच्या गाड्यांना या बिजागऱ्या लागतात ते ऑडिटला येणार होते. तनुजाने पाण्याचा ग्लास बबनरावांच्या पुढ्यातून उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

*

हळू काम मुद्दाम केल्याचं सिद्ध झालं नाही, असा निकाल तीन दिवसांत आला. पुणे ते चाकण रस्त्याचा अनुभव पाहता हा वेग संशयास्पद होता. बबनरावांच्या साक्षीचं दुसरं पान फाइलमधून गायब झालं, पण कामरानने ते आधीच वाचलं होतं आणि वाचताना फोनचा कॅमेरा चालू राहिला होता.

गुलाबी गेला. पिवळा राहिला. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: दोन्ही हात एकाच वेळी लागतील असं काम नको, उष्ण वस्तू नको, धारदार वस्तू नको, हलत्या भागाजवळ नको.

"आता तुम्हीच सांगा," तनुजा दोघांना म्हणाली. आरोपपत्राबरोबर 'आपण'ही गेलं होतं. "कारखान्यात असं काम आहे कुठे? असेल तर देते. नसेल तर हा फॉर्म."

"आहे," कामरान म्हणाला. "कँटीनच्या बेसिनशेजारी लावलंय."

तिघं बेसिनपाशी गेले. तिथं कामांच्या धोक्यांचा तक्ता होता, लॅमिनेशन केलेला, साबणाचे शिंतोडे उडालेला. प्रत्येक कामापुढे रकाने. प्रेस, वेल्डिंग, प्लेटिंग, स्टोअर, फोर्कलिफ्ट, सगळीकडे 'होय, होय, होय'. कामरानने शर्टाच्या बाहीने अठरावी ओळ पुसली.

पर्यवेक्षक. दोन्ही हातांचा एकत्र वापर: नाही. उष्ण वस्तू: नाही. धारदार वस्तू: नाही. हलते भाग: नाही. मुख्य धोका: सतत बसल्याने कंबरदुखी.

खाली तनुजाची सही होती.

तिने ती बराच वेळ पाहिली, जणू आपलीच आहे का याची खात्री करत होती. "हे मी केलंय?"

"दोन वर्षांपूर्वी, मॅडम. चांगलं केलंय," कामरान म्हणाला. "बुधवारी ऑडिटवाले हात धुवायला इथंच येतील."

"प्रमोशन मिळणार नाही," ती म्हणाली.

"मागितलं कुणी?" धनेश म्हणाला.

*

सोमवारी पहिल्या शिफ्टला धनेश पर्यवेक्षक सहायक म्हणून, आहे त्याच पगारात, काचेच्या केबिनमध्ये शिरला. गळ्यात नवं ओळखपत्र होतं. एमआरआयची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती. रुपालीने डबा देताना आज पहिल्यांदा तो उजव्या हातात दिला होता.

केबिनमध्ये एक टेबल होतं, एक कॉम्प्युटर होता, एक खुर्ची होती आणि खुर्चीत बबनराव होते. शुक्रवारपर्यंत तिथं कोपऱ्यात एक स्टूल असायचं, हे प्रेसवरून काचेतून दिसायचं. ते नव्हतं.

"ये. आला का," बबनराव कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले. "सव्वा एकर गिली तवा मला ही खुर्ची मिळाली. तुजं काय ग्येलं रं?"

"हात," धनेश म्हणाला.

"सबंद कुटं ग्येलाय. लोंबतोय की हितंच."

"बसायला काय आहे?"

"बसायला मी हाय. मी हितं असंपत्तोर दुसरी खुर्ची येनार न्हाई. स्टोअरवाल्याला सांगून ठिवलंय, कागूद आला तर फाड म्हनून. एचआरला जा, नायतर दिल्लीला जा. आट घंटं पाय मोडले की आपसूक राजीनामा देशील."

"तुमची रिटायरमेंट कधी आहे?"

"अडीच वर्सं."

धनेशने डबा टेबलावर ठेवला. बबनरावांनी तो पेनाच्या टोकाने ढकलत पार कडेला नेला. धनेशने उचलून पुन्हा मधे ठेवला.

"मग उभा राहतो," तो म्हणाला. "पायांबद्दल रिपोर्टात काही लिहिलेलं नाही."

"लिवत्याल," बबनराव म्हणाले.

"लिहिलं तर दाखवायला तुमच्याकडंच आणतो."

बबनरावांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि खुर्ची करकरत मागे नेऊन पाठ भिंतीला लावली. उरलेल्या तिन्ही बाजूंना काच होती आणि काचेला टेकू नये अशी पाटी होती. धनेश केबिनच्या मधोमध जाऊन उभा राहिला, बबनरावांना बाहेरची एकही मशीन दिसणार नाही असा. बाहेर भोंगा झाला आणि शिफ्ट सुरू झाली.

"बाजूला सर," बबनराव म्हणाले.

"हळूहळू सरतो," धनेश म्हणाला, आणि हलला नाही.